चाक कुठे गेले?

ईदच्या दुसऱ्या दिवशी चिपळूणला मोठ्या खालांच्या घरी आम्ही सारे जमलो होतो. शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या होत्या आणि पोरे एका मोबाईलभोवती गोळा झाली होती. खालांचा धाकटा मुलगा अमेरिकेत, टेक्सासमध्ये, नोकरीला असतो. सुट्टीच्या दिवशी तो मित्रांबरोबर गाड्यांच्या हौशी शर्यतीत उतरतो हे घरात सर्वांना ठाऊक होते. खालांना ते आवडत नाही हेही ठाऊक होते. त्या दिवशी त्याने एक व्हिडिओ पाठवला होता, गाडीच्या आत बसवलेल्या कॅमेऱ्यातून घेतलेला. उजवीकडचे लांब वळण, इंजिनाचा आवाज, मग एक दणका. गाडी डाव्या बाजूला खाली बसली, ठिणग्या उडाल्या आणि काचेतून दिसले की गाडीचे स्वतःचेच पुढचे डावे चाक गाडीच्या पुढे धावत निघाले आहे. उसळत उसळत ते चित्राबाहेर गेले.

पोरे पोट धरून हसली. "पुन्हा लाव, पुन्हा लाव" सुरू झाले. खाला उठून आत गेल्या.

आमचे मामू तिथे बसले होते. त्यांचे तीस वर्षांचे गॅरेज आहे. त्यांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि एवढेच विचारले, "चाक गेलं कुठं, ते बघितलंत का कोणी?"

कोणीच पाहिले नव्हते. रात्री फोन झाला तेव्हा कळले की चाक टायरांच्या भिंतीवरून उडी मारून पलीकडच्या गवतात पडले. झेंडा दाखवणाऱ्या स्वयंसेवकाची चौकी तिथून चाळीस-पन्नास पावलांवर होती. कोणालाही काही झाले नाही, अल्लाहचा शुक्र. पण मामूंचा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. शाळेत आम्ही भाषा शिकवतो, यंत्रांचे आमचे शिक्षण नाही. तरी पुढचे काही आठवडे मामूंच्या गॅरेजात स्टुलावर बसून, टेक्सासच्या भाईंना रात्री फोन करून आणि शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना छळून जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत. कारण आपल्या घरांतली कितीतरी पोरे गॅरेजात काम शिकतात, आणि त्यांच्या मोबाईलवर दिवसभर शर्यतीच धावत असतात.

आधी या हौशी शर्यती म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. टीव्हीवर दिसणारी फॉर्म्युला वन वेगळी. तिथे एकेका गाडीमागे शेकडो माणसे आणि अफाट पैसा असतो. अमेरिकेत त्याच्या कितीतरी पट लोक शनिवार-रविवारी आपल्या पैशाने, आपल्या हाताने दुरुस्त केलेल्या गाड्या घेऊन खऱ्याखुऱ्या शर्यतीच्या मैदानावर उतरतात. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था १९४४ पासून अशा हौशी लोकांना एकत्र आणते. दंतवैद्य, प्लंबर, शिक्षक, संगणकवाले, सगळे त्यात असतात. २००६ साली कॅलिफोर्नियात तर एक मजेशीर शर्यत सुरू झाली, '२४ अवर्स ऑफ लेमन्स'. फ्रान्समधील ल मानची २४ तासांची शर्यत जगप्रसिद्ध आहे, तिच्या नावावरची ही कोटी. अमेरिकन बोलीत कुचकामी निघालेल्या गाडीला लेमन, म्हणजे लिंबू, म्हणतात. नियम असा की गाडी ५०० डॉलरपेक्षा महाग नसावी. आजच्या हिशेबाने चाळीस हजारांहून अधिक रुपये! एवढ्यात आपल्याकडे बरी जुनी मोटारसायकल मिळेल. आमचे भाई आणि त्यांचे तीन मित्र याच धर्तीच्या एका शर्यतीत उतरले होते. चौघांनी आळीपाळीने गाडी चालवायची आणि दिवसभरात जास्तीत जास्त फेऱ्या मारायच्या.

या स्वस्त गाड्यांच्या गमतीत एक गोष्ट आम्हाला फार शहाणपणाची वाटली. ५०० डॉलरच्या हिशेबातून आयोजकांनी काही वस्तू वगळल्या आहेत. चालकाच्या बचावाचा लोखंडी पिंजरा, पट्टे, सीट, ब्रेक, टायर, चाके आणि चाकांची बेअरिंगे यांवर हवा तेवढा खर्च करा, तो मोजला जात नाही. इंजिनात कंजुषी करायला लावणारा नियम चाकाच्या बेअरिंगपाशी येऊन हात सैल करतो. का?

त्यासाठी हब म्हणजे काय ते पाहू. चाकाच्या मधोमध, नट आवळतो तिथे मागे जो पोलादी तुकडा असतो तो हब. त्याची चपटी थाळी, तिला फ्लँज म्हणतात, तिच्यावर ब्रेकची डिस्क आणि चाक बसते. मागे जाड नळकांडे असते आणि त्यात बेअरिंग. गाडीचे वजन, वळणातला जोर, ब्रेकचा झटका, सारे काही या वीतभर तुकड्यातून जमिनीपर्यंत पोहोचते. जुन्या गाड्यांत बेअरिंग उघडून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा बसवता येत असे. मामू अजूनही त्या दिवसांची आठवण काढतात. १९८०च्या दशकापासून बहुतेक मोटारींत बंदिस्त हब आले: उघडायचे नाही, ग्रीस भरायचे नाही, बिघडले की फेकायचे. रस्त्यावरच्या माणसाला हे सोयीचे आहे. शर्यतवाल्याला मात्र आत काय चालले आहे ते दिसत नाही.

अमेरिकेच्या हौशी शर्यतींत माझदा मियाटा ही छोटी दोन आसनी गाडी फार दिसते. १९८९ साली ती बाजारात आली. हलकी, स्वस्त, दुरुस्तीला सोपी. तिच्या पुढच्या हबांविषयी शर्यतवाले एकमेकांना सांगतात ते असे की हा टिकाऊ भाग समजूच नका, ब्रेक पॅडसारखा झिजणारा समजा आणि ठरावीक तासांनी बदला. गाडी रस्त्यासाठी बनली होती आणि रस्त्यावर तो हब वर्षानुवर्षे टिकतो. शर्यतीत त्याच्यावर काय येते ते विज्ञानाच्या सरांनी आम्हाला फळ्यावर मांडून दाखवले.

टायरचा व्यास सुमारे ५८ सेंटीमीटर धरा. परीघ १८२ सेंटीमीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक सुमारे ५४९ वेळा फिरते. ताशी १०० किलोमीटरच्या सरासरीने ८ तास गाडी धावली तर ८०० किलोमीटर, म्हणजे सव्वाचार लाखांहून अधिक फेरे. आता वळण घ्या. टनभर वजनाची गाडी जोरात वळते तेव्हा वजन बाहेरच्या बाजूला ढकलले जाते आणि बाहेरच्या पुढच्या चाकावर ४०० किलोच्या आसपास भार येतो. चांगले टायर असतील तर रस्ता त्या चाकाला आडवा रेटाही जवळजवळ तेवढाच देतो. आणि हा रेटा लागतो कुठे? टायर जमिनीला टेकतो तिथे, हबच्या मध्यापासून २९ सेंटीमीटर खाली. पहार घालून दगड उचकटतात, तसा तो हबच्या फ्लँजला उचकटतो. घरून बाजारात जाणारी गाडी या जोराच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतही क्वचित पोहोचते.

पण खरी गोम पुढे आहे. चाक फिरत असते. फ्लँजचा जो भाग आत्ता ताणला जातो आहे तोच अर्ध्या फेऱ्यानंतर दाबला जातो. ताण, दाब, ताण, दाब. लोखंडी तार हाताने एकदा वाकवली तर तुटत नाही, पुढे-मागे वाकवत राहिले की तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. ८ मे १८४२ रोजी पॅरिसजवळ, व्हर्सायहून येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि आगीत ५० हून अधिक माणसे गेली. चांगला दिसणारा लोखंडी आस आपोआप कसा मोडतो हे तेव्हा कोणाला उमगत नव्हते. पुढे १८५० आणि १८६०च्या दशकांत ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने आस यंत्रावर लावून लाखो वेळा फिरवून पाहिले आणि दाखवून दिले की एकदा सहज पेलवणारा भारही पुन्हा पुन्हा आला तर धातूला मोडतो. भार थोडा वाढला तर आयुष्य थोडे कमी होत नाही, धाडकन कमी होते. म्हणून रस्त्यावर वीस वर्षे टिकणारा हब शर्यतीत काही दिवसांत जाऊ शकतो.

मोडण्याची सुरुवात बहुधा फ्लँज नळकांड्याला मिळतो त्या कोपऱ्यात होते. केसासारखी भेग पडते, ती हळूहळू आत सरकते, आणि उरलेला धातू एक दिवस वळणात साथ सोडतो. चाक एकटे जात नाही, फ्लँज आणि ब्रेकची डिस्क घेऊन जाते. मग ब्रेक दाबला तर त्या कोपऱ्यात पॅडला धरायला काहीच उरत नाही. तीन चाकांवरच्या गाडीला पुढच्या बाजूचा ब्रेकही नीट मिळत नाही, हे व्हिडिओ पाहून हसणाऱ्या पोरांना ठाऊक नसते. आम्हालाही नव्हते.

हब सांगून जातो का? मामू म्हणतात, नव्वद वेळा सांगून जातो, ऐकणारा पाहिजे. बेअरिंग चालले की चाकातून हुंकार येऊ लागतो, विमान लांबून येत असल्यासारखा. डावीकडे वळताना वाढला तर बहुधा उजवे बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढला तर डावे, कारण वळणात बाहेरच्या चाकावर भार येतो. दुसरी खूण जॅकवर मिळते. चाक वर उचलून एक हात वरती, एक खालती धरून हलवायचे. खटखट लागली की प्ले आला. तिसरी खूण आम्हाला नवी होती. बेअरिंग ढिले झाले की डिस्क डुगडुगते आणि पॅडना मागे ढकलून देते. मग पुढचा ब्रेक दाबताना पहिल्यांदा पेडल खोल जाते, दुसऱ्यांदा दाबले की ठीक लागते. पुष्कळ जण याला ब्रेकमध्ये हवा शिरली समजून ऑईल बदलत बसतात. "आणि हबला हात लावून बघ," मामू सांगतात, "एका बाजूचा दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर काहीतरी आहे." अर्थात हात जपून, तापलेली डिस्क कातडी सोलून काढते.

मात्र भेग आणि बेअरिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेअरिंग आवाज करते, भेग गप्प असते. ती पाहायची तर हब काढून, स्वच्छ धुऊन, भेगेत शिरणारा रंग लावून पाहावे लागते. हौशी माणूस तेवढे कष्ट घेत नाही. म्हणून तासांची वही ठेवायची आणि ठरलेल्या तासांना हब बदलून टाकायचा, चांगला दिसत असला तरी. चांगला दिसणारा भाग फेकणे आपल्या लोकांना किती जड जाते ते आम्ही जाणतो. आमच्या घरात तर तुटलेल्या छत्रीच्या काड्यासुद्धा जपून ठेवलेल्या असतात.

आता भाईंच्या गाडीकडे. फोनवर त्यांनी काही लपवले नाही. शनिवारी दुपारीच डाव्या चाकाचा हुंकार ऐकू आला होता. संध्याकाळी जॅकवर घेतले तेव्हा थोडा प्लेही होता. सुटा हब जवळ नव्हता, आणायला जायचे तर दोन तासांचे अंतर, आणि रविवारी सकाळी ते आपल्या गटात तिसरे होते. चौघांनी मिळून ठरवले की नट आवळून घेऊ आणि जपून चालवू. नट आवळून बेअरिंग बरे होत नाही हे त्यांना ठाऊक होते. नवव्या फेरीला चाक निघाले. तेव्हा गाडीत भाई नव्हते, त्यांचा मित्र होता. त्याला दोन लहान मुले आहेत.

"तुम्हाला कोणी अडवले नाही?" आम्ही विचारले. अडवणार कसे? शर्यतीपूर्वी तपासनीस गाडी पाहतात, त्यांची यादी लांबलचक असते. पिंजऱ्याच्या नळ्यांची जाडी, सांध्यांचे वेल्डिंग, पट्ट्यांवरची तारीख, आग विझवण्याची सोय, बॅटरी तोडायचा खटका, चाकांचे नट. पण तपासनीस हबच्या आत पाहू शकत नाही आणि शनिवारी दुपारी आलेला आवाज त्याने ऐकलेला नसतो. तो ऐकणारे चौघेच होते. अपघातानंतर मात्र गाडी पुन्हा तपासल्याशिवाय सुटत नाही.

या याद्यांतली एकेक ओळ कशी आली ते पाहू लागलो तर बहुतेक ओळींमागे एक जनाजा निघतो. हेल्मेटवर स्नेल नावाची खूण पाहतात. पीट स्नेल हा शर्यतीचा शौकीन होता. १९५६ मध्ये त्याची गाडी उलटली आणि डोक्यावरचे हेल्मेट त्याला वाचवू शकले नाही. त्याच्या दोस्तांनी आणि डॉक्टरांनी १९५७ मध्ये त्याच्या नावाची संस्था काढून हेल्मेटांची परीक्षा सुरू केली. तिची प्रमाणे सुमारे पाच वर्षांनी बदलतात, म्हणून जुने हेल्मेट कितीही नवे दिसले तरी शर्यतीत चालत नाही. मानेला आधार देणारे उपकरण १९८०च्या दशकात मिशिगनच्या एका प्राध्यापकाने, रॉबर्ट हबर्ड यांनी, आपल्या शर्यतबाज मेहुण्यासाठी तयार केले. अवघडते म्हणून बरीच वर्षे कोणी ते घालीना. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेल अर्नहार्ट हा नामांकित चालक डेटोनाच्या शेवटच्या फेरीत गेला, त्याच वर्षी नॅस्कारने मानेचा आधार सक्तीचा केला. मग हळूहळू तो हौशी लोकांपर्यंत आला.

हे सारे नियम गाडीतल्या माणसासाठी आहेत. सुटलेले चाक मात्र बहुधा बाहेरच्या माणसाला गाठते. २६ जुलै १९९८ रोजी मिशिगनमध्ये आणि १ मे १९९९ रोजी शार्लटमध्ये, अपघातात उडालेली चाके प्रेक्षकांत गेली; दोन्ही ठिकाणी तीन-तीन माणसे मेली. सप्टेंबर २००० मध्ये इटलीत मोंझाला एक स्वयंसेवक, मार्च २००१ मध्ये मेलबर्नला दुसरा. तो कुंपणामागे उभा होता, चाक कुंपणातल्या फटीतून गेले. १९ जुलै २००९ रोजी इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅच येथे दुसऱ्याच्या गाडीचे चाक हेन्री सर्टीसच्या हेल्मेटवर आदळले. तो १८ वर्षांचा होता. त्याचे वडील जॉन सर्टीस हे १९६४ चे जगज्जेते, आणि त्यांच्या काळात शर्यतीत मरण ही नेहमीची गोष्ट होती. ते सारे पार करून आलेल्या बापाने मुलाला असे गमावले.

ही चाके आदळण्याने सुटलेली होती, थकव्याने नव्हे. पण सुटल्यावर चाकाला कारण विचारता येत नाही. फॉर्म्युला वनमध्ये म्हणून चाकांना मजबूत दोऱ्या बांधतात, २०११ पासून प्रत्येक चाकाला दोन. ५०० डॉलरच्या गाडीला तशी दोरी नसते. आणि असती तरी हबच मोडल्यावर तिचा उपयोग तिचे दुसरे टोक कुठे बांधले आहे त्यावर. हौशी शर्यतीत दोरीची जागा वही घेते, आणि प्रेक्षकांना दूर ठेवणारे कुंपण.

हौशी मंडळींत एक वादही चालतो. काही गटांत सर्व गाड्या सारख्याच ठेवायच्या असतात, म्हणजे पैशाने नव्हे तर चालवण्याने जिंकता यावे. तिथे कंपनीचाच भाग लावा असा आग्रह असतो. मग कोणी म्हणतो, मला भक्कम हब बसवू द्या. दुसरा म्हणतो, आज हब मागाल, उद्या आणखी काही. दुसऱ्याची भीती खोटी नाही. महाग हब सक्तीचे केले तर गरीब शौकीन घरी बसेल. तरीही आमचे मत पहिल्याच्या बाजूने आहे. भक्कम हबने गाडी वेगवान होत नाही, चाक जागेवर राहते एवढेच. ज्या वस्तूची किंमत कुंपणाबाहेर उभा असलेला माणूस भरणार आहे तिला काटकसरीच्या नियमातून मोकळे ठेवावे, हे लिंबूवाल्यांना समजले आहे.

आणि शर्यतीचे राहू द्या. मामूंच्या गॅरेजात महिन्याला दोन-तीन पोरे रुंद अलॉय चाके घेऊन येतात. चाक बाहेर दिसावे म्हणून हब आणि चाक यांच्यामध्ये चकत्या घालून मागतात. चाक जितके बाहेर, बेअरिंगवर तितका जास्त जोर. मामू ते काम घेत नाहीत. पोरे शेजारच्या दुकानात जातात.

डिसेंबरात भाई आले. सामानात टॉवेलात गुंडाळलेला तो मोडका फ्लँज होता. मामूंनी मागवला होता. खालांनी तो पाहिला, बोलल्या काही नाहीत, फक्त विचारले, "त्या मित्राच्या बायकोला सांगितलंस का?" भाई गप्प राहिले. रात्री उशिरा अंगणात त्यांना फोनवर बोलताना आम्ही ऐकले. आता त्यांच्या गाडीबरोबर दोन नवे हब पेटीतच असतात आणि वहीत तास लिहिलेले असतात. शर्यत त्यांनी सोडलेली नाही.

मामूंनी चष्मा लावून मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या वाकड्या रेषा; उरलेला भाग खरखरीत, फुटलेल्या खडीसाखरेसारखा. गुळगुळीत ते जुने, भेग सरकत गेली तेव्हाचे. खरखरीत ते त्या एका क्षणाचे. "हे शनिवारचं नाही," मामू म्हणाले. "हे खूप आधीपासून चाललं होतं."

तो तुकडा आम्ही शाळेत नेला. विज्ञानाच्या सरांनी नववीच्या वर्गात तो हातोहात फिरवला. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने भिंग मागून घेतले आणि रेषा मोजायला सुरुवात केली. तेविसाव्या रेषेपाशी तिने वर पाहून विचारले, "सर, एक रेषा म्हणजे एक फेरी का?" सर म्हणाले, तसे नसावे, भार बदलतो, गाडी थांबते, पुन्हा निघते, तेव्हा अशी रेषा उमटते. तिने वहीत लिहून घेतले आणि पुन्हा भिंगावर वाकली. मामूंनी तुकडा परत मागितला आहे, पण तिचे मोजणे अजून संपलेले नाही.